पत्र्यामागची वंदना

आमच्या डोंगरावर पाहुणे यायला लागले ते प्रतापरावामुळं. त्याचं तेवढं श्रेय इथं सुरुवातीलाच देऊन टाकते, म्हणजे पुढं मोकळ्या हातानं लिहिता येईल. लिहिताना त्याला अहो-जाहो करणार नाही, हेही आताच सांगते. तोंडावर पुष्कळ वर्षं केलं, तेवढं बास झालं.

अजिंठा आणि सोयगाव यांच्या मधल्या पठारावर, कड्याच्या अगदी काठाला आमचं गाव. लेणी बघायला येणारे लोक खालून यायचे आणि खालूनच परत जायचे. वर डोंगरावर माणसं राहतात, त्यांच्या चुली पेटतात, हे त्यांच्या गावीही नसायचं. आमच्या घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की घाट चढणाऱ्या गाड्यांचा कण्हण्याचा आवाज यायचा. एसटीचा वेगळा, ट्रकचा वेगळा. बाबा त्या घाटरस्त्याच्या दुरुस्तीच्या कामावर होते. त्यांच्या अंगाला डांबराचा वास असायचा आणि तो साबणानं जायचा नाही. संध्याकाळी ते आंघोळ करून पांढरा सदरा घालायचे, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायचे आणि आम्ही सगळे मांडी घालून वंदना म्हणायचो. वानरं घराच्या पत्र्यावर उड्या मारत असली तरी बाबांचा सूर हलायचा नाही. माझं मात्र सगळं लक्ष चुलीकडं असायचं, कारण आईनं कण्या घालून अंबाडीची भाजी केलेली असायची, नाहीतर येसराची आमटी. बौद्धवाड्यात कुणाकडंही लग्न असलं की भाकरीला आईलाच बोलावणं यायचं. तिची ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ, आणि तव्यावर अशी फुगायची की लहान पोरं टाळ्या वाजवायची. दोन तळव्यांमध्ये भाकरी फिरवताना तिच्या बांगड्यांचा जो आवाज व्हायचा, तो मला अजून कुठल्याही गर्दीतून ओळखू येईल.

मी तेव्हा औरंगाबादला वसतिगृहात राहून कॉलेज शिकत होते. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण वसतिगृहाच्या आठवणी माझ्या जिभेवर जुन्याच नावानं येतात, त्याला माझा इलाज नाही.) सुट्टीला घरी आले, तर गावात एकच विषय. पाटलांच्या प्रतापरावानं कड्यावरच्या माळावर तंबू मारलेत, शहरातली माणसं रोख मोजून इथं झोपायला येणार आहेत. कमानीवर मोठं संस्कृत नाव लिहिलं होतं, पण गावात सगळे त्याला कँपच म्हणायचे. बैलगाडीची फेरी, सूर्योदय, धबधबा, ढोल-लेझीम आणि चुलीवरचं जेवण. चुलीवरच्या जेवणासाठी त्यानं आईला बोलावलं. स्वतः आला होता आमच्या दारात. आत आला नाही, पाणी घेतलं नाही, पण आला होता. म्हणाला, "कौसे, तुझ्या हाताची भाकरी आता मुंबई-पुण्याचे लोक खातील. दोन बायका सोबत घे तुझ्या."

आई फार खूश झाली. आज हे लिहिताना त्या खुशीचाच मला जास्त राग येतो. तिनं पेटीतलं चांगलं लुगडं काढलं. शेजारची गयामावशी आणि सुमनवहिनी यांना घेऊन ती पहाटे कँपवर जायची. पहिले काही आठवडे चूल उघड्यावर, मंडपाच्या तोंडाशीच होती. पाहुणे भोवती उकिडवे बसायचे, भाकरी फुगली की हसायचे, पोरींना थापून बघायची हौस असायची. आई त्यांचे हात धरून शिकवायची. घरी येऊन सांगायची, "लई गुणाची माणसं हायती. एक बाई तर म्हणली, मावशी, तुम्ही आमच्याकडंच चला."

मग एकदा प्रतापरावाचे फुलंब्रीकडचे सोयरे मुक्कामाला आले. पंगत बसली, ताटं वाढली, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सैपाकाला कोण हायती?" कुणीतरी सांगितलं. म्हाताऱ्यानं ताट दोन बोटांनी पुढं सरकवलं आणि उठला. त्याच्या मागनं बाकीचेही उठले. कुणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. हात धुवायला उठावं तसे उठले. मी त्या दिवशी आईला पाणी भरून द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आई कढी ढवळत होती. तिनं मान वर केली नाही. डाव फिरत होता तो मात्र थांबला.

दुसऱ्या दिवशी चूल मंडपाच्या मागं गेली आणि मध्ये उंच पत्रा उभा राहिला. प्रतापराव आईला म्हणाला, "धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जातो गं, म्हणून." आणि मंडपाच्या तोंडाशी, आईची चूल होती तिथं, एक नवी सारवलेली चूल मांडली. तिच्यापुढं पाटलांच्या आळीतल्या शकुंतलाकाकूला नऊवारी नेसवून, कपाळभर कुंकू लावून, कँपची नथ घालून बसवलं. काकू विधवा होती, भावाच्या घरात पडेल ते काम करून राहायची. तिला कुंकू लावून लोकांपुढं बसायला कसं वाटत असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. मी तिचा दुस्वास करायचे. ती दिवसभर एकच भाकरी थापायची, मोडायची, पुन्हा थापायची. पाहुणे फोटो काढायचे. आणि पत्र्याच्या मागं आई, गयामावशी आणि सुमनवहिनी धुरात डोळे पुसत टोपलीभर भाकऱ्या करायच्या, आणि त्या बाजूच्या फटीतून वाढप्यांच्या हाती द्यायच्या. जेवताना कुणीतरी म्हणायचंच, "काकू, काय चव आहे हो तुमच्या हाताला!" पत्रा काही भिंत नव्हे. सगळं ऐकू यायचं.

मी आईला म्हटलं, "काम सोड." ती म्हणाली, "सोडून काय करू? तुझं वसतिगृह काय झाडाला लागतंय?" त्याच दिवशी मी मनात ठरवलं की या माणसाचा कँप मी बंद पाडणार. कसा, ते ठाऊक नव्हतं. वय एकोणीस-वीस, हातात काही नाही, पण ठरवलं ते ठरवलं. आई मागच्या बाजूला एकटी पडू नये म्हणून येते असं सांगून मी भांडी घासायच्या कामावर लागले आणि शत्रूच्या घरात शिरल्यासारखी सगळं बघत राहिले.

सुरुवातीचे माझे डाव अगदीच पोरकट होते. एकदा कढीत मूठभर मीठ टाकायला गेले, तर आईनं मनगट पकडलं. "खाणाऱ्यानं तुझं काय केलंय? अन्नावर राग काढायचा नाय." मग मी एका पुण्याच्या कुटुंबाला अगदी काळजीच्या आवाजात सांगितलं, की रात्री तंबूचं तोंड घट्ट बांधा, बिबट्या येतो. ते बिचारे उजाडायच्या आत सामान आवरून निघून गेले. मला वाटलं, जिंकले. पुढच्या आठवड्यात बघते तर प्रतापरावानं कमानीवर बिबट्याचं चित्र रंगवून घेतलेलं, आणि शनिवार-रविवारचे सगळे तंबू भरलेले. तेव्हा कळलं, की या धंद्यात भीतीसुद्धा विकली जाते. त्या माणसाला धंदा कळत होता, हे मी नाकारणार नाही. माणसं कळत नव्हती.

दिवाळीनंतरची गोष्ट, कॉलेजची सुट्टी अजून संपली नव्हती. माळावरचं गवत पिवळं पडलं होतं, पण कड्यावरचं पाणी अजून आटलं नव्हतं. प्रतापराव दोन दिवस नुसता धावत होता. श्रीलंकेहून यात्रेकरूंचा मोठा जथा लेणी बघायला येणार होता, आणि खालच्या हॉटेलांऐवजी त्यांनी दुपारचं जेवण कँपवर घ्यायचं ठरवलं होतं. हे एकदा जमलं की थंडीभर असेच जथे येत राहणार होते. त्यानं शहरातून प्लास्टरची बुद्धमूर्ती आणली, कमानीजवळ ठेवून तिला झेंडूचा हार घातला. मग मागं आमच्याकडं आला आणि म्हणाला, "आज परदेशी लोकं हायती. मागनं आवाज नको. खोकायचं बी नाय, सांगून ठेवतो." गयामावशीनं त्याच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती म्हणाली, "पुढं बुद्ध मांडलाय त्यानं. आन् आपल्याला खोकायची चोरी."

यात्रेकरू आले ते सगळे पांढऱ्या कपड्यांत. बहुतेक म्हातारी माणसं, बायका जास्त. सोबत एक वृद्ध भन्ते आणि हिंदी बोलणारा एक दुभाषी. भन्ते दुपार टळल्यावर जेवत नसल्यानं पंगत लवकर बसवली होती. पत्र्याच्या फटीतून मला एवढंच दिसत होतं. पांढऱ्या कपड्यांची रांग, तिच्या टोकाला भगवं चीवर, आणि उजव्या हाताला काकू, भाकरी थापत. ढोलवाले बाजूला तयारीत उभे होते. ताटं वाढून झाली. प्रतापराव हात जोडून म्हणाला, "करा सुरुवात." पण कुणी घास उचलला नाही. भन्त्यांनी डोळे मिटले, सगळ्यांनी हात जोडले, आणि पलीकडून सूर आला, "नमो तस्स..."

आईचे दोन्ही हात पिठात होते. तिनं ते परातीतून काढले, तसेच पीठभरले जोडले आणि डोळे मिटून म्हणायला लागली. हळू, ओठांतल्या ओठांत. तिला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. वंदना सुरू झाली की आपण गप्प बसायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं. गयामावशी म्हणायला लागली, सुमनवहिनी म्हणायला लागली. त्यांची चाल थोडी वेगळी, शब्द मात्र अक्षर न् अक्षर तेच, बाबांच्या तोंडचे. माझ्या हाताला राख लागलेली, समोर कढयांचा ढीग. मी उठले. पत्र्याच्या फटीला तोंड लावलं आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून त्रिसरण म्हणायला लागले. आई वंदना म्हणत होती. मी वंदना म्हणत नव्हते. त्या पवित्र शब्दांमधून मी प्रतापरावाच्या कानाखाली वाजवत होते, आणि प्रत्येक शब्दाला जास्त जोरानं.

पलीकडचा सूर क्षणभर थांबला. मग पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा. पत्र्याच्या दोन्ही अंगांनी पंचशील पुरं झालं. त्यानंतर चपला काढून ठेवलेली अनवाणी पावलं आमच्याकडं येताना ऐकू आली.

पत्र्याला वळसा घालून पहिली आली ती एक म्हातारी, पांढऱ्या साडीतली, आईपेक्षा वयानं बरीच मोठी. तिच्यामागं दुभाषी. तिनं चूल बघितली, भाकऱ्यांची टोपली बघितली, धुरानं लाल झालेले आमचे डोळे बघितले. ती काहीतरी बोलली. दुभाष्यानं विचारलं, "ये पूछ रही हैं, आप लोग बौद्ध हैं?"

आई म्हणाली, "व्हय." तेवढंच.

"खाना आपने बनाया?"

तोवर प्रतापराव धापा टाकत पोचला होता. "अहो, ह्या मदतनीस बायका आहेत. वरकामाच्या. सैपाक तिकडं पुढं होतो, आमच्या काकू करतात." दुभाष्यानं पत्र्याच्या कडेनं मान बाहेर काढून पुढच्या चुलीकडं बघितलं आणि तिथूनच मोठ्यानं विचारलं, "माताजी, खाना किसने बनाया?"

मला वाटलं, ही आता खोटं बोलणार. बोलली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. शकुंतलाकाकू बसल्या जागेवरून म्हणाली, "म्या नाय बाबा. त्या कौसाबाईनं केलंय समदं. म्या हितं निस्ती बसते." आणि तिनं नाकातली नथ काढली, परातीच्या काठावर ठेवली आणि लुगड्याच्या पदरानं कपाळ पुसून टाकलं.

त्या म्हातारीनं आईचं पीठभरलं मनगट धरलं आणि तिला मंडपात नेलं. बसवायला बघत होती, पण आई बसली नाही. पाहुणे जेवायचे असताना ती बसणारच नव्हती. तिनं हात धुतले, टोपली उचलली, भन्त्यांसमोर गुडघे टेकले आणि त्यांच्या पात्रात स्वतःच्या हातानं भाकरी ठेवली. लोक म्हणतात, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला नाही. मी प्रतापरावाकडं बघत होते. तो हसायला जात होता आणि हसू एका बाजूलाच येत होतं. ते मला अजून जसंच्या तसं दिसतं, आणि अजून तितकंच बरं वाटतं.

जेवण झाल्यावर यात्रेकरूंनी विचारलं, तुमचा विहार कुठं आहे? आणि ढोल नको, बैलगाडी नको म्हणून सगळे आमच्यामागं बौद्धवाड्याकडं चालत निघाले. एका खोलीचा आमचा विहार. अर्धे आत, अर्धे अंगणात बसले. घाटातल्या कामावरून बाबा आले, तेव्हा दारात पांढऱ्या कपड्यांतल्या एवढ्या माणसांची गर्दी बघून त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

घरी आल्यावर मला शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. आईनं दार लावून घेतलं. "ती वंदना व्हती का शिमगा गं?"

"त्याला ऐकू जायला पाहिजे होतं."

"त्याला?" आई म्हणाली. "वंदना त्याला ऐकू जायला म्हणत्यात व्हय?"

"मी त्याचं वाटोळं करणारे, आई."

"कर. तुझ्यात तेवढी धमक हाय, मला ठाव हाय. पण त्या कामाला बुद्धाचं नाव वापरू नको. तुझं तोंड वापर." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाबा मध्ये पडले नाहीत. नुसते मेणबत्ती लावताना म्हणाले, "आवाज मात्र खणखणीत हाय पोरीचा."

मग मी माझं तोंड वापरलं. दुभाष्याचा पत्ता घेऊन ठेवला होता. त्याला पत्रावर पत्रं लिहिली. कॉलेजच्या सुट्टीत शहरातल्या गाड्या भाड्यानं देणाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याच थंडीत दुसरा जथा आला तो थेट आमच्याकडं, विहाराच्या अंगणात जेवायला. तिघींचं कँपवरचं काम गेलं होतं, काकूचंही. भावानं तिला घरात घेणं जवळजवळ बंदच केलं. एका सकाळी ती आमच्या चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "कौसाबाई, मला खरी भाकर शिकव." आईनं परात तिच्याकडं सरकवली. तिचा इतके दिवस केलेला दुस्वास मग मी सगळाच्या सगळा प्रतापरावाच्या नावावर चढवला.

प्रतापरावानं आमची वाट अडवली. बौद्धवाड्याकडं येणारा गाडीरस्ता त्याच्या शेतातून होता, तिथं त्यानं बाभळीच्या फांद्या टाकून कुंपण घातलं. मी पाहुण्यांना गाडीतून उतरवलं आणि कड्याच्या काठानं, सागाच्या रानातून, गुरं चारायच्या पायवाटेनं आणायला लागले. तिथून खाली लेण्यांची अर्धगोल दरी एका नजरेत दिसते, वाघूर नदी वळताना दिसते, मोर समोरून उडत जातात. आम्ही लहानपणी तिथं सरपण वेचायचो, म्हणून ती वाट बघण्यासारखी आहे हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं. लोक पुढं पुढं त्या वाटेसाठीच यायला लागले. त्यानं कुंपण घातलं नसतं तर मी एवढी मोठी झाले नसते. दर वर्षी थंडीत मी कड्यावरून कँपचे तंबू बघायचे, आणि दर वर्षी ते विरळ दिसायचे. शेवटचा तंबू उतरवत होते त्या दिवशी मी माझ्या पाहुण्यांना मुद्दाम तिकडून नेलं. प्रतापराव दोरी गुंडाळत उभा होता. मी सगळ्यांना थांबवलं, पाणी प्यायला लावलं. आम्ही पुष्कळ वेळ पाणी प्यालो.

आता डोंगराडोंगरावर राहायच्या सोयी झाल्यात. चुलीपुढं बसून चित्रण करणारी पोरं मी रोज फोनवर बघते. माझा धंदा भाचा सांभाळतो. मी शहरात सिडकोतल्या घरी असते, आई माझ्याजवळ. अधूनमधून कुठल्यातरी सभेत पाहुणचारावर बोलायला बोलावतात. मी ग्रामीण संस्कृतीवर चार शब्द बोलते. माझ्या धंद्याच्या मुळाशी काय आहे, ते तिथं सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात दुपारी बेल वाजली. दारात प्रतापराव. काठी, जाड चष्मा, सोबत ड्रायव्हर. खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, मी दिलं, त्यानं ते पिऊन टाकलं. मुलाला माळावर पुन्हा राहायची सोय करायची आहे, तुमच्याकडचे काही जथे आमच्याकडं पाठवा, असं म्हणणं होतं. मी म्हटलं, "जमणार नाही." तो म्हणाला, "जुनं काय मनात धरायचं आता?" त्या दिवसाबद्दल, पत्र्याबद्दल एक शब्द बोलला नाही. माफी मागितली असती तर मी काय केलं असतं, याचा विचार करायची वेळ त्यानं माझ्यावर आणली नाही, हे त्याचे उपकार.

आई आतून भिंत धरत आली. तिला आता अंधुक दिसतं, पण आवाजानं तिनं त्याला ओळखलं. "पाटील व्हय? जेवण झालं का?"

"नाही, कौसाबाई. सकाळीच निघालो." त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुमच्या हातची भाकर मिळाली तर..." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आईला अहो-जाहो केलं असेल.

मी म्हटलं, "आई, गॅस संपलाय. सिलेंडर उद्या येणारे."

मग तो काठी टेकत उठला. मी दारापर्यंत गेले, लिफ्टचं बटण दाबून दिलं. आमच्या घरातून, डोंगरावरच्या किंवा इथल्या, जेवायच्या वेळी कुणी उपाशी गेलेलं नव्हतं. हा एकटा गेला.

परत आले तर आई स्वयंपाकघरात. तिनं गॅसचं बटण फिरवलं, लायटर दाबला, शेगडी भक्कन पेटली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. पीठ घेतलं, एक भाकरी थापली, भाजली, ताटात घातली, वर ठेचा ठेवला, आणि ते ताट बाहेर नेऊन तो बसला होता त्या खुर्चीपुढं ठेवलं. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. संध्याकाळपर्यंत ताट तिथंच होतं. दिवे लागले तेव्हा मी त्याच खुर्चीवर बसले आणि ती भाकरी खाल्ली. गार झाली होती, कडेला वातड झाली होती. मी सावकाश चावून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, आणि ताट बोटानं पुसून घेतलं.